एंटर दाबेपर्यंत होस्टला काही कळतच नाही का? टर्मिनल आणि मेनफ्रेमचं बोलणं

पाथर्डी_फाटा

नमस्कार मंडळी.

मी नाशिकला घरूनच काम करतो. कंपनी पुण्याची, क्लायंट परदेशातली विमा कंपनी, मशीन मेनफ्रेम. कोबॉल, जेसीएल, डीबी२, सीआयसीएस सगळं शिकवलं. पण ज्या काळ्या-हिरव्या पडद्यासमोर दिवस जातो तो होस्टशी, म्हणजे त्या मेनफ्रेमशी, बोलतो कसा, हे कुणी सांगितलं नाही. एम्युलेटर (जुन्या टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्राम) उघडा, होस्टचा पत्ता टाका, लॉगऑन करा आणि लागा कामाला.

परवा दुपारी आमच्याकडे केबलवाल्याचं नेट गेलं. वायफाय चालू, बाहेर काही नाही. मी एका मोठ्या फॉर्मच्या मध्यावर होतो. गंमत अशी की नेट नसतानाही अक्षरं उमटत होती, टॅबने पुढच्या रकान्यात जाता येत होतं, लेबलवर टाइप करायला गेलं की कीबोर्ड अडत होता. एंटर मारलं तेव्हा कुठे खालच्या ओळीत एक्स आणि घड्याळ आलं. त्याच वेळी पुट्टी या दुसऱ्या टर्मिनल प्रोग्राममध्ये लिनक्सचा सर्व्हर उघडा होता, तिथे मात्र एक अक्षर उमटेना.

मग टाइप केलेलं नक्की साठतं कुठे? एंटर दाबल्यावर काय जातं, अख्खा पडदा की फक्त मी भरलेलं? लॉगऑनच्या आधी जो पडदा दिसतो तो कोण दाखवतं? आणि कधीकधी 'एक्स सिस्टम' येऊन सगळं अडकतं ते कुणामुळे?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

झणझणीत_तर्री

वाखूण साठवली. खुर्ची टाकून बसलोय.

कोॲक्स_काका

वा, बऱ्याच दिवसांनी कुणी हा विषय काढला. माझी नोकरीची बरीच वर्षं याच केबलींमागे गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आयबीएमची ३२७० मालिका १९७१ ची. तुझं एम्युलेटर आजही त्याच कुटुंबातल्या ३२७८ चं सोंग घेतं. मॉडेल २ म्हणजे २४ ओळी गुणिले ८० स्तंभ, एकूण १९२० जागा. या १९२० जागांचा बफर टर्मिनलच्या बाजूला असतो. होस्ट एकदाच पडदा पाठवतो आणि त्यातच सांगतो की अमुक जागेपासून लेबल आहे, हात लावायचा नाही. अमुक जागेपासून रकाना आहे, इथे फक्त अंक. अमुक रकाना पासवर्डचा, अक्षरं दाखवायची नाहीत. हे सांगणारी खूण प्रत्येक रकान्याच्या आधीची एक जागा खाते. पडद्यावर ती रिकामी दिसते, पण तिथे ॲट्रिब्यूट बसलेलं असतं.

इथून पुढे होस्टची सुट्टी. तू टाइप कर, खोड, टॅब मार, चहा पिऊन ये. बँकेत चलन बाजूच्या टेबलावर भरायचं आणि पूर्ण झालं की खिडकीत सरकवायचं, तसा हा मामला. भरताना कॅशियरचा वेळ जात नाही.

पूर्वी एका ३२७४ कंट्रोलरला (टर्मिनलं आणि होस्ट यांच्यामधलं खोकं) ३२ टर्मिनलं लागायची. प्रत्येकाला स्वतंत्र कोॲक्स, ९३ ओमची आरजी-६२. टीव्हीची ७५ ओमची केबल दिसायला सारखीच, पण तिथे चालत नाही. कंट्रोलरपासून टर्मिनल सुमारे १५०० मीटरपर्यंत नेता यायचं. कंट्रोलर पुढे मोडेमला, मोडेम भाड्याच्या लाइनला, आणि लाइन दुसऱ्या गावातल्या होस्टला.

गंगापूर_रोडची_कोबॉलवाली

काकांनी पाया घातला, मी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. अख्खा पडदा जात नाही. तू ज्या रकान्यांना हात लावलास तेवढेच जातात.

प्रत्येक ॲट्रिब्यूटमध्ये एक बिट असतो, एमडीटी, मॉडिफाइड डेटा टॅग. रकान्यात एक अक्षर जरी टाइप केलंस तरी टर्मिनल तो बिट चालू करतं. एंटर दाबलं की ज्या रकान्यांचा बिट चालू तेच उचलून पाठवायचे.

उदाहरण घे. पाचव्या ओळीत विसाव्या स्तंभापासून दहा अक्षरांची जागा आहे. तू तिथे आपला पिन ४२२००१ टाकलास आणि एंटर मारलंस. होस्टकडे हेक्समध्ये एवढंच जातं:

७डी सी५ डी९ ११ सी५ डी३ एफ४ एफ२ एफ२ एफ० एफ० एफ१

पहिलं ७डी म्हणजे एंटर. कोणती कळ दाबली ते सांगणारा हा बाइट, त्याला एड म्हणतात. पीएफ३ असती तर तिथे एफ३ आला असता. सी५ डी९ म्हणजे कर्सर आत्ता कुठे आहे ते. ११ म्हणजे 'आता पत्ता येतोय', सी५ डी३ हा रकान्याचा पत्ता. पुढे सहा अंक, एबसिडिकमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या अक्षर-संकेतात. उरलेल्या चार जागा रिकाम्या होत्या, म्हणजे नल, त्या टर्मिनलने गाळून टाकल्या.

पत्ता मोजायची रीतही सुंदर आहे. पाचवी ओळ, विसावा स्तंभ म्हणजे शून्यापासून मोजल्यास ३३९ वी जागा. ३३९ म्हणजे ५ गुणिले ६४ अधिक १९. पाचचा बाइट सी५, एकोणिसाचा डी३. पडद्याची पहिली जागा ४० ४०, शेवटची ५डी ७एफ. एकदा हे हाताने सोडवून बघ, मग ट्रेस (ये-जा झालेल्या बाइटांची नोंद) वाचताना अडणार नाहीस.

झणझणीत_तर्री

बारा बाइट!! इथे एक 'गुड मॉर्निंग'चं गुलाबाचं चित्र उघडायला यापेक्षा लाखपट जातात.

व्हीटी_शंभर

थोडा विरोधी सूर लावतो. हे सगळं ठीक, पण मी डेकच्या (आयबीएमची स्पर्धक संगणक कंपनी) बाजूचा माणूस. व्हीटी१०० हे डेकचं टर्मिनल आलं १९७८ मध्ये. तिथे प्रत्येक कळ ताबडतोब होस्टकडे जाते आणि होस्टने परत पाठवलं तरच पडद्यावर दिसते. म्हणूनच पुट्टीत तुझं अक्षर उमटलं नाही. पण त्याच कारणाने व्हीआयसारखा एडिटर तिथे शक्य झाला. एक अक्षर दाबलं की लगेच प्रतिसाद. ३२७० वर हे करून दाखवा. तिथे एंटर मारल्याशिवाय पान हलत नाही.

गंगापूर_रोडची_कोबॉलवाली

@व्हीटी_शंभर, एडिटरसाठी मान्य. पण विम्याच्या फॉर्मला प्रत्येक अक्षरागणिक होस्टला उठवायचं कशाला? एका होस्टवर हजारो लोक एकाच वेळी फॉर्म भरत असतील तर प्रत्येक कळेला एक इंटरप्ट, हे त्या काळच्या सीपीयूला झेपलंच नसतं. सीआयसीएस, म्हणजे मेनफ्रेमवर असे व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर, १९६९ चं. त्याची सुडो-कन्व्हर्सेशनल पद्धत या टर्मिनलशी अगदी चपखल बसते. पडदा पाठवला की प्रोग्राम रिटर्न करून संपतो, फक्त पुढचा ट्रान्झॅक्शन कोड आणि कॉमएरिया (पुढच्या टास्कसाठी होस्टवर राखलेला डेटा) ठेवून. माणूस विचार करत बसलाय तोवर होस्टवर त्याच्या नावाचा एकही टास्क चालू नसतो. एंटर आलं की नवा टास्क. म्हणून एवढी माणसं मावतात.

कोॲक्स_काका

लाइनचा हिशोबही मांडतो. ९६०० बिटची लाइन घ्या, एका अक्षराला ८ बिट. पूर्ण १९२० अक्षरांचा पडदा यायला १.६ सेकंद. ताईंचे बारा बाइट जायला एका सेकंदाचा शंभरावा भाग. त्यावर एसएनएची (आयबीएमच्या नेटवर्क पद्धतीची) वेष्टणं, ६ बाइटचा ट्रान्समिशन हेडर आणि ३ चा रिक्वेस्ट हेडर, तरी किरकोळच. आणि त्या एकाच लाइनवर अनेक शाखांचे कंट्रोलर टांगलेले असायचे, होस्टच्या बाजूने प्रत्येकाला आळीपाळीने विचारलं जायचं, 'तुझ्याकडे काही आहे का?' विचारल्याशिवाय बोलायचं नाही. अशा लाइनवर अक्षरागणिक ये-जा परवडलीच नसती.

द्राक्षवेल

मला एक सांगा. तुम्ही सगळे टर्मिनल 'स्मार्ट' म्हणताय. मी वाचलंय त्याप्रमाणे ३२७८ स्वतः फारसं काही करत नव्हतं, डोकं कंट्रोलरमध्ये होतं. बरोबर ना?

कोॲक्स_काका

@द्राक्षवेल, अगदी बरोबर नेम धरलात. ३२७८ हे कंट्रोल युनिट टर्मिनल पद्धतीचं. कळ दाबली की तिचा कोड टर्मिनलमध्ये थांबून राहायचा. कंट्रोलर कोॲक्सवरून सतत चौकशी करायचा, कोड उचलायचा, तो अक्षर आहे की टॅब हे ठरवायचा, रकाना राखीव आहे का बघायचा आणि मग टर्मिनलच्या बफरमध्ये अक्षर लिहायचा. केबलवर वेग २.३५८७ मेगाबिट, त्यामुळे माणसाला वाटायचं टर्मिनलच सगळं करतंय. नंतर डीएफटी प्रकार आला, त्यात हे काम खरोखर टर्मिनलकडे गेलं. १९८२ मध्ये डीसीएचं आयर्मा कार्ड आलं आणि साधा पीसी त्याच कोॲक्सला जोडता येऊ लागला. आज कंट्रोलरचं ते डोकं तुमच्या एम्युलेटरच्या आत आहे. होस्टला मात्र या सगळ्यातलं काहीच कळत नाही. त्याच्या लेखी १९७१ पासून समोर तेच टर्मिनल.

अंबड_लिंकरोड

अवांतर होईल, पण राहवत नाही.

आमच्याकडे, म्हणजे अंबडच्या एका कारखान्यात, मेनफ्रेम नव्हता, एएस/४०० (आयबीएमचाच मधल्या आकाराचा संगणक) होता. त्याची टर्मिनलं ५२५० जातीची. तीही फॉर्म भरून एंटर मारायच्याच पद्धतीची, पण केबल ट्विनॲक्स, आणि प्रत्येक टर्मिनलला वेगळी नाही. एका लाइनवर सात यंत्रं माळेसारखी, प्रत्येकाला ० ते ६ पैकी एक पत्ता, शेवटच्यावर टर्मिनेशन चालू, मधल्यांवर बंद.

एका रविवारी स्टोअर्समधलं टर्मिनल कुणीतरी उचलून डिस्पॅचला नेलं आणि तिथल्या लाइनला जोडलं. सोमवारी सकाळी गाड्या गेटवर उभ्या, आणि डिस्पॅचची दोन टर्मिनलं मधूनच मरतात, मधूनच उठतात. दोघांचाही पत्ता २. होस्टने दोनला हाक मारली की दोघंही ओ द्यायची आणि लाइनवर नुसता गोंधळ. एकाचा पत्ता ५ केला, दोन्ही पडदे स्थिर झाले. तेव्हापासून प्रत्येक टर्मिनलच्या मागे मार्करने पत्ता लिहायचा नियम झाला. आमच्या हेल्परने तर पत्त्याशेजारी कुंकवाचं बोटही लावलं होतं. लाइन त्यानंतर बरी चालली, श्रेय कुणाला द्यायचं ते ज्याने त्याने ठरवावं :)

द्राक्षवेल

नाशिकरोडच्या रिझर्व्हेशन खिडकीवर पूर्वी असेच काळे पडदे असायचे. ते पण मेनफ्रेमच का?

व्हीटी_शंभर

नाही, तो माझा प्रांत! रेल्वेचं संगणकीय आरक्षण १९८० च्या दशकाच्या मध्यात दिल्लीला सुरू झालं, सीएमसीने डेकच्या व्हॅक्स संगणकांवर केलं. म्हणजे ३२७० चं घराणं नाही. आणि सीएमसी म्हणजे तीच तेव्हाची सरकारी कंपनी, जिने १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडल्यावर त्यांच्या इथल्या मशिनांची देखभाल हाती घेतली.

सिडको_रात्रपाळी

मी नेटवर्कच्या बाजूने काम करतो, लॉगऑनच्या आधीच्या पडद्याचं उत्तर माझ्याकडे.

जुन्या एसएनए जगात (१९७४ पासून) टर्मिनल हे एक लॉजिकल युनिट, एलयू. होस्टवर व्हीटॅम, म्हणजे नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम, बसलेला. कंट्रोलर चालू झाला की व्हीटॅम त्याला ॲक्टपीयू ('चालू हो' असा संदेश) पाठवतो, मग एकेका टर्मिनलला ॲक्टएलयू. आता टर्मिनल आणि व्हीटॅम यांच्यात एक छोटं सत्र सुरू झालं, पण अजून कुठल्याही ॲप्लिकेशनशी नातं नाही. तेव्हा दिसणारा स्वागताचा पडदा तो यूएसएस मेसेज १०, व्हीटॅमच्या ठरलेल्या संदेशांपैकी एक. तिथे तू ॲप्लिकेशनचं नाव टाकतोस. व्हीटॅम ते ॲप्लिकेशनला कळवतो, आणि मग सीआयसीएस किंवा टीएसओ (होस्टवर थेट काम करायची सोय) तुझ्या टर्मिनलला बाइंड पाठवतं. बाइंडमध्ये करार असतो: पडदा केवढा, एका वेळी किती बाइट, कोण कधी बोलणार. टर्मिनलला ते मान्य झालं की खरं सत्र सुरू. लॉगऑफ केलंस की अनबाइंड, आणि पुन्हा स्वागताचा पडदा.

आता तुझ्या लॅपटॉपवर ना कंट्रोलर, ना कोॲक्स. तू टीसीपी/आयपीवरून टेलनेट सर्व्हरला जोडतोस. सर्व्हर विचारतो, टर्मिनल कुठल्या जातीचं? एम्युलेटर सांगतं, आयबीएम-३२७८-२-ई. मग दोघं ठरवतात की डेटा बायनरी असेल आणि प्रत्येक रेकॉर्डच्या शेवटी एफएफ ईएफ ही खूण असेल. यालाच टीएन३२७० म्हणतात. १९९४ च्या आरएफसी १५७६ या इंटरनेटच्या दस्तऐवजामध्ये तेव्हाची प्रचलित पद्धत लिहिलेली आहे, आणि टीएन३२७०ई हा सुधारित अवतार १९९८ च्या आरएफसी २३५५ मध्ये. ई अवतारात प्रत्येक रेकॉर्डच्या पुढे पाच बाइटचा हेडर लागतो. म्हणजे ताईंचे बारा बाइट तुझ्या वायरवर पाच अधिक बारा अधिक दोन, एकोणीस होऊन जातात. टेलनेट सर्व्हर तुला ठेवणीतलं एक एलयू नाव देतो आणि व्हीटॅमसमोर तुझ्या वतीने टर्मिनल बनून उभा राहतो. स्वागताचा पडदाही बहुतेक ठिकाणी हाच सर्व्हर आपल्या यूएसएस तक्त्यातून दाखवतो.

एक कळकळीची सूचना. टेलनेटचं २३ नंबरचं पोर्ट उघडं असतं, पासवर्ड एबसिडिकमध्ये जातो खरा, पण एबसिडिक म्हणजे कुलूप नव्हे. तक्ता समोर ठेवला की कुणीही वाचतं. टीएलएस (एन्क्रिप्शन) लावलेलं कनेक्शन, साधारणपणे पोर्ट ९९२, तेच वापर.

पाथर्डी_फाटा

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. @सिडको_रात्रपाळी, पोर्ट बघितलं, ९९२ च आहे. एक्स सिस्टमचं मात्र राहिलं.

गंगापूर_रोडची_कोबॉलवाली

ते राहिलं नाही, मी राखून ठेवलं होतं, कारण याची झळ प्रोग्रामरकडूनच लागते.

एंटर दाबलंस की टर्मिनल स्वतःच कीबोर्डला कुलूप लावतं. एक्स आणि घड्याळ म्हणजे होस्टच्या उत्तराची वाट. उत्तर येतं तेव्हा त्याच्या सुरुवातीला कमांडच्या पाठोपाठ एक बाइट असतो, राइट कंट्रोल कॅरेक्टर. त्यातल्या एका बिटाचा अर्थ 'कीबोर्ड मोकळा कर'. होस्टने पडदा पाठवला पण तो बिट चालू केला नाही, तर पडदा नवा दिसतो आणि कुलूप तसंच. ते तुझं एक्स सिस्टम. बीएमएसमध्ये, म्हणजे सीआयसीएसच्या पडदे आखायच्या सोयीत, हा बिट म्हणजे फ्रीकेबी. मॅपच्या (पडद्याच्या आराखड्याच्या) व्याख्येतही नाही आणि सेंड मॅपमध्येही नाही, तर वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी रिसेट दाबावं लागतं. लोक वर्षानुवर्षं दाबतात आणि 'सिस्टम स्लो आहे' म्हणतात! सिस्टम बिचारी केव्हाच उत्तर देऊन मोकळी झालेली असते.

द्राक्षवेल

या पडद्यावर मराठी कधी दिसणार?

सिडको_रात्रपाळी

देवनागरीसाठी एबसिडिक कोड पेज आहे, ११३७. अडचण पडद्याची. एक जागा, एक अक्षर अशा चौकटीत 'त्र्यंबकेश्वर' बसवायचं कसं? जोडाक्षरं आणि मात्रा जागा मोजून येत नाहीत. मला हे झालेलं बघायला फार आवडेल.

कोॲक्स_काका

शिकायचं असेल त्यांच्यासाठी: हर्क्युलिस नावाचं मोफत एम्युलेटर आहे, ते टर्मिनलची नव्हे, अख्ख्या मेनफ्रेमची नक्कल करतं. त्यावर एमव्हीएस ३.८जे ही आयबीएमची जुनी ऑपरेटिंग सिस्टम घरच्या पीसीवर चालते. त्याला एक्स३२७० (टर्मिनलचं एम्युलेटर) जोडा आणि ट्रेस चालू करा. कंपनीच्या मशीनवर प्रयोग करण्यापेक्षा हे बरं.

पाथर्डी_फाटा

काका, हर्क्युलिस या रविवारी टाकतो. तूर्त लीडची परवानगी घेऊन टेस्ट रीजनवर ट्रेस घेतला आणि ताईंच्या रीतीने हाताने सोडवला. माझा रकाना बरोबर निघाला. पण एक गोष्ट कळेना. मी फक्त एक रकाना भरला होता, तरी दोन गेले. दुसऱ्याचा पत्ता सोडवला तर तो सतराव्या ओळीत, आणि तिथे पडद्यावर काहीच दिसत नाही. आत चार अक्षरांचा कसला तरी कोड आहे.

गंगापूर_रोडची_कोबॉलवाली

मॅपचा सोर्स उघडून बघ, तिथे ॲस्किप, डार्क, एफसेट असं काहीतरी सापडेल. ॲस्किप म्हणजे कर्सर ओलांडून जातो, डार्क म्हणजे दिसत नाही. एफसेट म्हणजे होस्टनेच एमडीटी आधी चालू करून पाठवला. वापरणाऱ्याने हात न लावताही तो रकाना दर एंटरला परत येतो. जुने लोक कॉमएरियाऐवजी पडद्यावरच काहीबाही लपवून ठेवायचे.

आणि इथे जरा गंभीरपणे सांगते. राखीव रकाना, लपवलेला रकाना, फक्त अंक, हे सगळं टर्मिनलकडून पाळलं जातं. ३२७४ आणि ३२७८ च्या काळात ते लोखंडात होतं, कुणी बदलत नव्हतं. आज टर्मिनल म्हणजे लॅपटॉपवरचा प्रोग्राम. राखीव रकान्यात हवं ते घालून पाठवणारी एम्युलेटरं लोकांनी बनवलेली आहेत, सुरक्षा तपासणारे ती वापरतात. त्या चार अक्षरांवर तुमचा प्रोग्राम काही हक्क ठरवत असेल, समजा 'हा मंजुरी देऊ शकतो' असं, तर ते ताबडतोब वरच्यांच्या कानावर घाल.

सिडको_रात्रपाळी

+१. टीएलएस लावलं तरी हे थांबत नाही. वायर सुरक्षित होते, टोकाला बसलेला माणूस नाही.

व्हीटी_शंभर

माझ्या घराण्यात टर्मिनलकडे फॉर्मच नाही, सगळी तपासणी होस्टवर. एवढा एक मुद्दा माझ्या नावावर लिहा.

गंगापूर_रोडची_कोबॉलवाली

@व्हीटी_शंभर, लिहिला, अगदी मनापासून.

पाथर्डी_फाटा

मॅप बघितला. ॲस्किप, डार्क, एफसेट, तंतोतंत. तो कोड शाखेचा आहे आणि पुढच्या प्रोग्राममध्ये त्यावरून रकमेची मर्यादा ठरते. लीडला ट्रेससकट दाखवलं. ते गप्प झाले आणि मग म्हणाले की कोड कॉमएरियात हलवायचा बदल मीच लिहायचा.

ताई, तो बदल करताना आणखी कशावर लक्ष ठेवू?

गंगापूर_रोडची_कोबॉलवाली

दोन गोष्टी. एक, रिसीव्ह मॅपच्या (भरलेले रकाने वाचायच्या आज्ञेच्या) आधी ईआयबीएड तपास, कोणती कळ दाबली ते त्यात असतं. क्लिअर आणि पीए कळा रकाने पाठवतच नाहीत, नुसती कळ कळवतात. तिथे रिसीव्ह मॅप केलंस तर मॅपफेल हा एरर येतो, आणि एफसेटचा रकाना काढल्यावर तो आणखी वेळा येईल, कारण काही न भरता एंटर मारलं तर आता पाठवायला एकही रकाना उरणार नाही. दोन, मॅप असेंबल केलास की नवी कॉपीबुक (मॅपच्या रकान्यांची मांडणी) घेऊन तो मॅप वापरणारे सगळे प्रोग्राम पुन्हा कंपाइल कर. एखादा राहिला तर त्याचे रकाने सरकतील.

पाथर्डी_फाटा

मॅप वापरणारे प्रोग्राम शोधायला सुरुवात केली. काही न भरता एंटर ही टेस्ट केस सगळ्यात वर टाकली आहे.